रेव्हरंड टिळक : विपन्नावस्था आणि ईश्वरावलंबन

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराची चर्चा बहुधा मुंबई आणि अहमदनगर या दोन केंद्रांभोवती होते. त्या परिवर्तनाचा आरंभ मात्र पूर्व विदर्भातील एका रेल्वेप्रवासात झाला. १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. हा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून, तुमसर रोड व त्या काळी याच जिल्ह्यात असलेल्या गोंदियावरून जातो. या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीतही केले. टिळकांनी ग्रंथ वाचावयास घेतला तो जिज्ञासेपोटी. परंतु येशूच्या गिरिप्रवचनाशी येताच त्यांची चिकित्सक बुद्धी निरुत्तर झाली.

हा प्रसंग आकस्मिक वाटला, तरी त्याची पूर्वपीठिका दीर्घ होती. कोकणातील करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांनी लहानपणीच मातृवियोग सोसला. नाशिक येथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. कीर्तन, शिक्षकी, ग्रंथसंपादन असे व्यवसाय करीत ते गावोगाव फिरले. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय लाभूनही त्यांचे चित्त स्थिरावले नाही. जातिभेदाविषयीची चीड आणि सर्वांना सामावून घेणाऱ्या धर्माचा शोध या दोन प्रेरणा त्यांना अस्वस्थ करीत होत्या. तेव्हा हातात पडलेल्या ग्रंथाला वाचक अगोदरच सिद्ध झालेला होता, असेच म्हणावे लागते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत त्यांना आप्तवियोगाच्या रूपाने द्यावी लागली. परंतु ती एकट्या टिळकांनीच दिली असे मानणे अन्यायाचे होईल. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. लोकनिंदा, परावलंबन आणि मनाची घालमेल त्यांनी सोसली. पतीची श्रद्धा ही प्रारंभी त्यांच्या दृष्टीने आधार नव्हती, आपत्तीच होती. पुढे त्या अहमदनगरला आल्या, तेव्हाही टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. स्वतःच्या विचाराने जातिभेदाचे बंधन गळून पडल्यावर १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या श्रद्धेचा कस लागला तो या प्रतीक्षेत.

ईश्वर पुरवील या भरवशावर टिळक हातचे देऊन टाकीत आणि घरखर्चाची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंना करावी लागे. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारे मिस्कीलपणे, परंतु काहीही न झाकता सांगितले आहे. त्यामुळे टिळकांच्या ईश्वरनिष्ठेचे मूल्यमापन केवळ त्यांच्या भक्तिगीतांवरून करणे अपुरे ठरते. अनाथ मुले, आजारी माणसे, बालकवींसारखा आश्रयास आलेला तरुण कवी या सर्वांना त्या घराने सामावून घेतले. टिळकांचे ईश्वरावलंबन म्हणजे निष्क्रियता नव्हे, हे येथे स्पष्ट होते. त्याचबरोबर त्याचा भार कोणी वाहिला हेही दिसते.

या निष्ठेला वाङ्मयीन रूप देताना टिळक पाश्चात्त्य स्तोत्रांच्या अनुवादावर विसंबले नाहीत. अभंग आणि भजन ही वारकरी परंपरेची माध्यमे त्यांनी स्वीकारली. संतकाव्य हाच ख्रिस्ताकडे आणणारा सेतू ठरल्याची त्यांची भावना होती. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणाऱ्या ‘देवाचा दरबार’ची कल्पना मांडली. आरंभी परिस्थितीने लादलेले दारिद्र्य येथे स्वेच्छेने स्वीकारलेले व्रत बनते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपूर्ण होते. टिळकांच्या सुमारे साडेदहा अध्यायांत लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्यायांची भर घातली; १९३६ मध्ये त्या निवर्तल्यानंतर, १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ज्या श्रद्धेने एके काळी संसार दुभंगला, तिचेच काव्य पत्नीने पुढे नेले. टिळकांच्या ईश्वरनिष्ठेचा विचार म्हणूनच लक्ष्मीबाईंना वगळून पूर्ण होत नाही.