मायकेल फॅरडे : लिहून ठेवलेली स्मृती

विजेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या संशोधकांत मायकेल फॅरडे यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. विद्युत चलित्र, जनित्र आणि रोहित्र या तिन्ही यंत्रांच्या मुळाशी त्यांचे प्रयोग आहेत, हे आपले विद्यार्थी शालेय पुस्तकांतून शिकतात. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू त्या पुस्तकांत सहसा येत नाही. निसर्गाची इतकी गुपिते उलगडणाऱ्या या माणसाची स्मरणशक्ती ऐन कर्तृत्वाच्या काळात त्याला दगा देत होती. या उणिवेवर फॅरडे यांनी ज्या रीतीने मात केली, ती रीत आज विद्यार्थ्यांच्या हाती आलेल्या लॅपटॉपच्या कार्यपद्धतीशी विलक्षण जुळणारी आहे. म्हणून हे चरित्र त्या यंत्राच्या संगतीने वाचावे, असा या लेखाचा हेतू आहे.

मायकेल यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स फॅरडे हे लोहार होते. प्रकृती साथ देत नसल्याने त्यांच्या कामात खंड पडे आणि घरात चार मुलांची पोटे भरणे कठीण होई. १८०१ च्या महागाईत मायकेलच्या वाट्याला येणारा एक पाव त्याला आठवडाभर पुरवावा लागे, अशी नोंद आहे. शाळेत त्याला जेमतेम लिहिणे, वाचणे आणि हिशोब एवढेच शिकायला मिळाले. उच्च गणित त्यांना पुढे आयुष्यभर अवगत झाले नाही.

वयाच्या तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि पुढच्याच वर्षी पुस्तकबांधणीचा उमेदवार झाला. उमेदवारीची मुदत सात वर्षांची होती. बांधणीसाठी आलेली पुस्तके हाच त्याचा शिक्षकवर्ग. ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या विदुषीचे रसायनशास्त्रावरील सुबोध पुस्तक त्याने या काळात वाचले. आयझॅक वॉट्स यांच्या मनोविकासावरील ग्रंथातून त्याला टिपणे काढण्याची शिस्त मिळाली. जे वाचले, ऐकले, पाहिले ते त्याच दिवशी कागदावर उतरवायचे, हा नेम त्याने तेव्हा धरला तो अखेरपर्यंत सोडला नाही.

या नेमानेच त्यांच्या आयुष्याचे दार उघडले. १८१२ मध्ये एका ग्राहकाच्या कृपेने त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकण्याची संधी मिळाली. फॅरडे यांनी त्या व्याख्यानांची टिपणे काढली, ती आकृत्यांसह सुवाच्य अक्षरात उतरवली, स्वतःच्या हातांनी त्यांचा ग्रंथ बांधला आणि तो डेव्ही यांच्याकडे पाठवला. मार्च १८१३ मध्ये डेव्ही यांनी त्यांना प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून घेतले. ना पदवी, ना घराण्याचे नाव, ना कोणाची शिफारस. हाताशी होती ती केवळ बांधलेली वही.

त्याच वर्षी डेव्ही दांपत्याबरोबर ते युरोपच्या प्रवासास निघाले. दीड वर्षाच्या या प्रवासात त्यांना व्होल्टा आणि अँपिअर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांची भेट घडली. पण डेव्ही यांचा खासगी नोकर ऐनवेळी न आल्याने त्याचीही कामे त्यांच्या गळ्यात पडली आणि लेडी डेव्ही यांनी तर त्यांना सर्वस्वी नोकराप्रमाणेच वागवले. विद्वत्ता हाताशी असूनही जन्माने ठरलेली पायरी ओलांडता न येणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. अपमान गिळून फॅरडे यांनी रोजनिशी लिहिली आणि पाहिलेल्या प्रत्येक प्रयोगाची नोंद सोबत आणली.

पुढील दोन दशके ही त्यांच्या कर्तृत्वाच्या भरतीची. १८२१ मध्ये त्यांनी विद्युतप्रवाहाच्या योगाने तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. चलित्राचे बीज ते हेच. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू करताना आणि थांबवताना दुसऱ्या वेटोळ्यात क्षणिक प्रवाह निर्माण होतो, असे त्यांना आढळले. हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन. १८३३ मध्ये त्यांना दिसले की तापवल्यावर धातूंची विद्युतवाहकता घटते, पण सिल्व्हर सल्फाइडची वाढते. अर्धवाहकांच्या विचित्र स्वभावाची ही आरंभीची नोंद होय. विद्युत अपघटनाचे नियम त्यांनी याच सुमारास मांडले आणि विल्यम ह्युवेल या विद्वानाच्या साहाय्याने आयन, धनाग्र, ऋणाग्र यांचे इंग्रजी पर्यायी शब्द रूढ केले. दोन वाहकांच्या मध्ये ठेवलेल्या पदार्थानुसार विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते, हेही त्यांनी दाखवले. या क्षमतेच्या, म्हणजे धारितेच्या एककाला आज फॅरड म्हणतात.

हे शोध आपल्यापासून फार दूर नाहीत. भोसरीतील प्लेटिंगच्या छोट्या युनिटमध्ये सुट्या भागांवर चढणारा जस्ताचा थर अपघटनाच्या नियमांनी चढतो. मोटार रिवाइंडिंग करणारा कारागीर १८३१ च्या वेटोळ्यांचेच काम करतो. चाकणच्या कारखान्यांत गाडीचा सांगाडा जोडणारे यंत्रमानव चलित्रांवर चालतात. आणि लॅपटॉप तर जणू त्यांच्या प्रयोगशाळेचे संक्षिप्त रूप आहे. चार्जरमधील लहानसे रोहित्र प्रवर्तनाने चालते; बॅटरीत लिथियमचे आयन एका अग्राकडून दुसऱ्याकडे जातात; प्रक्रियक आणि स्मृती अर्धवाहकाच्या चकतीवर कोरलेले असतात.

यांपैकी स्मृतीचा भाग नीट समजून घेण्याजोगा आहे. लॅपटॉपला स्मृती दोन प्रकारची असते. पहिली कामचलाऊ स्मृती, जिला आपण रॅम म्हणतो. दुसरी कायमची साठवण, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. उघडलेला निबंध, अर्धवट सोडवलेले गणित, चालू असलेले चित्र हे सारे रॅममध्ये असते. रॅममधील प्रत्येक घर म्हणजे एक अतिसूक्ष्म धारित्र. त्याची धारिता साधारणपणे एका फॅरडच्या एक कोटीव्या भागाचा पुन्हा एक कोटीवा भाग इतकी. त्यात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार सतत गळत असतो, म्हणून संगणकाला प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावे लागते आणि हे काम सामान्यतः ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा होते. वीज तुटली की भरणे थांबते आणि सारे पुसले जाते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या आणि पुढे टिफ्रॅक हे नाव मिळालेल्या संगणकाची स्मृती निराळी होती. तीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत आणि प्रत्येक बिटासाठी फेराइटचे एक चिमुकले कडे असे. कड्याच्या चुंबकत्वाची दिशा उलटली की त्यातून ओवलेल्या तारेत विजेचा स्पंद उमटे. फॅरडे यांच्या लोखंडी कड्याचाच हा वंशज. वीज गेली तरी कड्याचे चुंबकत्व टिकत असे. आजच्या रॅमने वेग आणि क्षमता कमावली, पण हा टिकाऊपणा गमावला.

फॅरडे यांच्या स्वतःच्या स्मृतीची गत आजच्या रॅमसारखी झाली होती. १८३० च्या दशकातील अखंड श्रमांनी ते थकले. भोवळ, डोकेदुखी आणि विस्मरण यांनी त्यांना ग्रासले. आपणच केलेला प्रयोग आपल्याला आठवत नाही, ही संशोधकाला केवढी यातना! १८४० नंतरची काही वर्षे त्यांना संशोधन जवळजवळ थांबवावे लागले. १८४१ मध्ये ते पत्नी सारा यांच्यासह स्वित्झर्लंडला गेले आणि तेथील डोंगरांत दिवसचे दिवस चालत राहिले.

लॅपटॉपलाही अशी विश्रांती असते आणि ती दोन तऱ्हांची असते. स्लीप या पहिल्या अवस्थेत पडदा, डिस्क आणि प्रक्रियक जवळजवळ बंद होतात. रॅमला मात्र थोडी वीज मिळत राहते, म्हणून झाकण उघडताच काम सोडल्या जागी सापडते. पण बॅटरी पूर्ण संपली, तर न साठवलेले काम जाते. हायबरनेट या दुसऱ्या अवस्थेत रॅममधील सारा मजकूर आधी डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि मग यंत्र बंद होते. ते जागे व्हायला थोडा अधिक वेळ घेते. पण मधल्या काळात बॅटरी संपली काय किंवा चार दिवस वीज आली नाही काय, काम सुरक्षित राहते. कारखान्यात पाळी संपवून घरी जाणारा कामगार यंत्राची मापे आणि राहिलेले काम लॉगबुकात लिहितो. पुढच्या पाळीचा कामगार ते वाचून सुरुवात करतो. हायबरनेटचे तत्त्व याहून वेगळे नाही.

फॅरडे यांनी आपली स्मृती अशीच कागदावर उतरवली होती. १८३२ पासून त्यांनी प्रयोगांच्या रोजनिशीतील प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक दिला आणि ते क्रमांक पुढे सलग चालवले. मार्च १८६२ मधील अखेरच्या नोंदीचा क्रमांक १६०४१ आहे. फसलेले प्रयोगही त्यांनी तितक्याच काळजीने नोंदवले. नव्या नोंदीत जुन्या नोंदीचा क्रमांक दिला की तीस वर्षांमागचा विचार क्षणात हाती येई.

विश्रांतीनंतर ते परतले तेव्हा या व्यवस्थेचे मोल कळून आले. सप्टेंबर १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो का, हे ते पडताळत होते. एकामागून एक पदार्थ निष्फळ ठरले. शेवटी त्यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस स्वतः बनवलेली शिसेयुक्त जड काच घेतली. त्या काचेतून जाणाऱ्या ध्रुवीकृत प्रकाशाचे प्रतल चुंबकामुळे फिरले. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते त्या दिवशी प्रथम प्रयोगाने सिद्ध झाले. ज्यांचे संशोधन संपले असे वाटत होते, त्या त्रेपन्न वर्षांच्या माणसाचे हे यश होते. त्यांच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी दिले, तेही फॅरडे यांनी सारे लिहून प्रसिद्ध केले होते म्हणूनच.

ज्ञान आपल्यापुरते ठेवणे फॅरडे यांना मानवले नाही. मुलांसाठी होणाऱ्या नाताळच्या व्याख्यानांच्या एकोणीस मालिका त्यांनी स्वतः दिल्या. साध्या मेणबत्तीवरील त्यांची मालिका पुस्तकरूपाने जगभर गेली. सर ही पदवी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. क्रिमियन युद्धासाठी विषारी वायूंच्या कामात साहाय्य करण्यासही त्यांनी नकार दिला. अखेरच्या वर्षांत स्मृती अगदीच क्षीण झाली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले. स्मृती विझली होती. सोळा हजारांहून अधिक नोंदी मागे उरल्या होत्या.

या चरित्राचा बोध व्यवहारातही उतरवता येतो. लॅपटॉपवर काम करताना दर थोड्या वेळाने ते सेव्ह करावे. थोडा वेळ उठायचे असेल तर स्लीप पुरे. रात्रभर ठेवायचा असेल किंवा बॅटरी कमी असेल तर हायबरनेट करावे किंवा यंत्र रीतसर बंद करावे. पडद्याचा उजेड कमी ठेवला आणि नको असलेले प्रोग्रॅम मिटवले तर बॅटरी अधिक टिकते. आणि महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर किंवा अन्यत्र अवश्य ठेवावी. १९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांनी दुसऱ्या बोटीने पाठवलेला ग्रंथसंग्रह ती बोट पाणतीराने बुडाल्यामुळे समुद्रात गेला. जिद्दीने पुन्हा लंडन गाठून त्यांनी अभ्यास पूर्ण केला. परंतु गेलेले ग्रंथ गेलेच.

याहूनही मोठी एक स्मृती आज आपल्या घराघरांत रॅमसारखी, केवळ चालू प्राणावर टिकून आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आणि अन्य भागांतून कितीतरी कुटुंबे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडे आली. ती कशी आली, कोठे राहिली, पहिली पगाराची रक्कम कशावर खर्चली, मुलांना शाळेत घालताना काय काय सोसले, हे आजी-आजोबांना ठाऊक आहे आणि ते बहुतांशी कोठेही लिहिलेले नाही. ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या इतिहासातील पाने अशीच कोरी राहिली. आता हाती अक्षर आहे आणि यंत्रही आहे. आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने या सुटीत घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे, त्यांचे बोलणे ऐकावे, तारखा आणि गावांची नावे विचारून घ्यावीत आणि फॅरडे यांच्याप्रमाणे परिच्छेदाला क्रमांक देऊन ते लिहून काढावे. पुढील स्मरणिकेत त्यातील काही पाने छापता आली, तर स्मरणिका हे नाव खऱ्या अर्थाने सार्थ होईल.