झोळीतील राज्यघटना

राज्यघटना हातात धरून भाषण ठोकणारी माणसे आम्ही कोर्टाच्या आवारात रोज पाहतो. पण मरतेवेळी ज्याच्या झोळीत राज्यघटना, बायबलचा नवा करार, रोजनिशी आणि तीन गोटे एवढीच इस्टेट निघाली, असा पुढारी आमच्या वाचनात एकच आला. जपानचे तानाका शोझो.

तोचिगी प्रांतातील कोनाका गावी १८४१ साली त्यांचा जन्म झाला. सरंजामी धन्याविरुद्ध उभे राहिल्याने तरुणपणीच तुरुंग पाहिला. १८९० साली ते जपानच्या पहिल्या संसदेवर निवडून गेले. तोवर त्यांच्या मुलखातील वातारासे नदी विषारी झाली होती. वरच्या अंगाला आशिओ येथे फुरुकावांची तांब्याची खाण. धुराने व जंगलतोडीने डोंगर बोडके झाले, पुराबरोबर खाणीचे विष शेतांत पसरले. मासे मेले, भात करपला.

१८९१ साली तानाकांनी प्रजेच्या मालमत्तेला संरक्षण देणारे घटनेचे २७ वे कलम पुढे करून सरकारला जाब विचारला. खात्याचे मंत्री मुत्सु मुनेमित्सु, आणि त्यांचाच मुलगा खाणमालकाला दत्तक! पुढे काय झाले असेल, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ती घटनाही सम्राटाने प्रजेला बहाल केलेली. बाबासाहेबांनी घडविली तशी नागरिकांची नव्हे. तरीही तानाका त्याच कलमावर दहा वर्षे भांडले. १९०० साली तोक्योकडे निघालेल्या शेतकऱ्यांना पोलिसांनी कावामाता येथे झोडपून काढले. १९०१ साली तानाकांनी खासदारकी सोडली आणि १० डिसेंबरला अर्ज घेऊन थेट सम्राटाच्या बग्गीकडे धावले. खटला भरला असता तर सारे प्रकरण चव्हाट्यावर आले असते. सरकारने त्यांना वेडा ठरवून सोडून दिले!

पुढे पूर अडविण्याच्या नावाखाली यानाका गावाचा बळी द्यायचे ठरले. साठी उलटलेले तानाका १९०४ साली तेथेच राहायला गेले. १९०७ साली उरलेली सोळा घरे सरकारने पाडली. माणसे झोपड्या घालून तिथेच राहिली. आपण या अडाण्यांना शिकवायला आलो, हा तानाकांचा भ्रम तेथे गळाला. ते शेतकऱ्यांचे विद्यार्थी झाले. मग काठाकाठाने पायी हिंडत, जुन्या पुराच्या खुणा विचारीत त्यांनी नदी अभ्यासली. नदीला कोंडू नका, तिची वाट मोकळी करा, हा त्यांचा आग्रह होता.

४ सप्टेंबर १९१३ रोजी, अशाच भटकंतीत, एका शेतकऱ्याच्या घरी त्यांनी देह ठेवला. अस्थी नदीकाठच्या गावांनी वाटून घेतल्या. खाण १९७३ साली बंद पडली. कंपनीने जबाबदारी कबूल करून १५५ कोटी येन भरपाई मान्य केली, ती त्यानंतर वर्षाने.