थांबण्याची वेळ ओळखणारा लोहपुरुष

न्यूयॉर्कमधील गरीब जर्मन स्थलांतरितांच्या घरी १९०३ मध्ये जन्मलेले बेसबॉलपटू लू गेरिग हे ‘यांकीज’ संघाचे आधारस्तंभ. जून १९२५ पासून त्यांनी सलग २,१३० सामने एकही न चुकवता खेळले. मात्र १९३९ च्या हंगामात त्यांच्या बलदंड हातांतील शक्तीच ओसरली. संघावर आपला भार नको म्हणून २ मे रोजी डेट्रॉईट येथे त्यांनी स्वतःहून माघार घेतली. पुढे ‘एएलएस’ या असाध्य मज्जाविकाराचे निदान झाले. ४ जुलै रोजी भरगच्च यांकी स्टेडियममध्ये निरोप घेताना त्यांनी स्वतःला भाग्यवानच मानले. त्यांचा ४ हा क्रमांक संघाने कायमचा राखून ठेवला. २ जून १९४१ रोजी, अवघे ३७ वर्षांचे असताना, त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचा विक्रम १९९५ मध्ये मोडला. निवृत्तीचा तो आदर्श मात्र अढळ आहे.