पालवणकर बाळू : उपजत गुण आणि कमावलेली कला

पीण्या औद्योगिक क्षेत्राला लागून जाणारा तुमकूर रस्ता पुढे धारवाडवरून पुण्याला पोचतो. पालवणकर बाळू यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध याच दोन टोकांमध्ये सामावलेला आहे. १८७६ च्या सुमारास धारवाडला, तत्कालीन समाजाने अस्पृश्य मानलेल्या चर्मकार जातीत त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या लष्कराशी निगडित नोकरीमुळे कुटुंब पुण्यात आले.

तेथे आधी पारशांच्या आणि मग युरोपियनांच्या क्लबात बाळूंना अल्प वेतनाची चाकरी मिळाली. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, सरावाची जाळी उभारणे ही त्यांची नेमलेली कामे. पुढे साहेबलोकांना सराव हवा म्हणून त्यांच्या हाती चेंडू आला आणि ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजाला ते तासन्‌तास गोलंदाजी करू लागले. फलंदाजी मात्र त्यांना जाळीत कधीही करू दिली गेली नाही. पुढच्या काळात त्यांच्या डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीला निसर्गदत्त देणगी म्हणणाऱ्यांनी या वाटणीकडे सोयीस्कर डोळेझाक केली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गोलंदाजी हे श्रमाचे काम, म्हणून ते चाकराकडे. जे करूच दिले नाही, ते त्याच्या अंगी नाही असे मानणेही मग सोपे. त्याच दशकात लढाऊ वंशांच्या सिद्धांताचा आधार घेऊन लष्कराने महारांची भरती थांबवली होती. क्रीडांगणावरचा तर्क याहून फारसा निराळा नव्हता.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून वाद घालून का होईना, बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेलाच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळू बाहेर उभे राहून मातीच्या निराळ्या भांड्यात चहा घेत. विटाळ नेमका सीमारेषेपाशी सुरू होई! प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळवला, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्या संघाचे कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. ते बहुतेक सामन्यांत खेळलेच नाहीत. नेतृत्वाचा गुण जन्माने येतो या समजुतीचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये.

हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच रीतसर मिळाले नाही. १९२० साली त्यांना वगळण्यात आले आणि कर्णधारपदासाठीही कुटुंबाचा हक्क डावलला गेला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी संघातून अंग काढून घेतले. मग तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, तोवर बाळूंचा खेळ संपलेला होता.

त्यांच्या राजकीय जीवनाचा येथे केवळ उल्लेख पुरे. १९३२ च्या वादात ते संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले आणि १९३७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर डॉ. आंबेडकरांविरुद्ध लढून सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. एके काळी आंबेडकरांना बाळूंविषयी अभिमान वाटत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या लढतीची बोच कळते. जुलै १९५५ मध्ये बाळूंचे निधन झाले.