वादळाची चाहूल घेणारा धर्मगुरू
फादर बेनितो विन्येस, येशूसंघीय (१८३७-१८९३)



मे महिना संपत आला की आपल्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात, कौले शाकारली जातात आणि घराघरांत हवामानाच्या बातम्यांकडे कान लागतात. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आहे, ते अमुक दिशेने सरकत आहे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, ही वाक्ये आता लहान मुलांनाही पाठ झाली आहेत. बंदरावर बावटा चढला की त्याचा अर्थ कोळी बांधवांना सांगावा लागत नाही. वादळ येण्याआधी ते कुठे आहे आणि कुठे जाणार हे लोकांना सांगण्याची पद्धत ज्यांनी घडवली, त्यांच्यात एक कॅथोलिक धर्मगुरू होते हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. त्यांचे नाव फादर बेनितो विन्येस. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

बेनितो विन्येस यांचा जन्म १९ सप्टेंबर १८३७ रोजी स्पेनमधील तारागोना प्रांतातल्या पोबोलेदा या डोंगराळ गावी झाला. १८५६ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. पदार्थविज्ञान आणि गणित हे त्यांच्या आवडीचे विषय होते. त्यांचे व्रतस्थ जीवन शांतपणे शिकवण्यात गेले असते, पण १८६८ साली स्पेनमध्ये राज्यक्रांती झाली आणि येशूसंघीयांना देश सोडावा लागला. तरुण बेनितो फ्रान्समध्ये गेले. तेथे त्यांनी ईशज्ञानाचे शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर वरिष्ठांनी त्यांना अटलांटिक महासागरापलीकडे, क्यूबा बेटावरील हवाना शहरात पाठवले. १८७० साली ते तेथे पोहोचले, तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते.

हवानामध्ये येशूसंघाचे बेलेन कॉलेज होते. बेलेन म्हणजे स्पॅनिश भाषेत बेथलेहेम. या कॉलेजात १८५७ च्या सुमारास हवामानाच्या नोंदी घेणारी एक लहान वेधशाळा सुरू झाली होती. फादर विन्येस तिचे संचालक झाले. बेथलेहेमचे नाव असलेल्या घरात आकाशाकडे पाहण्याचे काम मिळावे, हे मला फार साजेसे वाटते.

त्या बेटांवर चक्रीवादळ म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत कॅरिबियन समुद्रात ही वादळे उठतात. लोक त्यांना संतांच्या नावाने ओळखत. ज्या संताच्या सणादिवशी वादळ आले, त्याचे नाव त्या वादळाला पडे. वादळाच्या महिन्यांत धर्मगुरू मिस्सामध्ये वादळ टळावे म्हणून खास प्रार्थना म्हणत. भाविकांकडे दुसरा उपायही नव्हता. वादळ आले की आले, एवढेच त्यांना कळे. त्यात अनेकांना हा देवाचा कोप वाटे.

फादर विन्येस हवानाला आले त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात दोन वादळांनी क्यूबाला झोडपले. पहिल्या वादळात मातांझास शहरात समुद्राचे आणि नद्यांचे पाणी शिरून शेकडो माणसे मेली. नव्याने आलेल्या या धर्मगुरूने ते सारे पाहिले. त्यानंतरची तेवीस वर्षे त्यांनी एकाच कामात घालवली.

ते काम दिसायला अगदी साधे होते. रोज पहाटे चार वाजल्यापासून रात्री दहा वाजेपर्यंत, दर दोन तासांनी, म्हणजे दिवसातून दहा वेळा ते नोंद घेत. हवेचा दाब, तापमान, दमटपणा, वाऱ्याची दिशा, आणि ढग कोणत्या थरात, कोणत्या दिशेने चालले आहेत हे सारे वहीत उतरत असे. आधीच्या वर्षांच्या जुन्या वह्याही त्यांनी चाळल्या. जुन्या वादळांची माहिती आणि जहाजांच्या नोंदी त्यांनी जमवल्या. आपल्याकडे व्रतस्थ मंडळी ठरलेल्या वेळी घटकाप्रार्थना म्हणतात. फादर विन्येस यांच्या दिवसात या प्रार्थनेच्या घटकांबरोबर आकाशाच्या घटकाही आल्या. तीच शिस्त आणि तोच रोजचा कंटाळा जिंकणे.

या चिकाटीतून त्यांना एक गोष्ट दिसली. चक्रीवादळ म्हणजे नुसता गोंधळ नाही, त्याला रचना आहे. जमिनीलगतचा वारा वादळाच्या केंद्राभोवती गोल फिरत फिरत आत ओढला जातो. मधल्या उंचीवरचे ढग केंद्राभोवती जवळजवळ वर्तुळात फिरतात. आणि सर्वांत वर, खूप उंचावर, पिसांसारखे पांढरे तंतुमेघ केंद्रापासून बाहेर पसरतात. हे तंतुमेघ वादळाच्या शेकडो किलोमीटर पुढे धावतात. खाली ऊन असते, समुद्र शांत असतो, पण वर ही पांढरी पिसे क्षितिजावरील एका बिंदूपासून पंख्यासारखी पसरलेली दिसतात. तो बिंदू ज्या दिशेला, त्या दिशेला वादळाचे केंद्र. हवेचा दाब उतरू लागला, वारा बदलू लागला आणि ढगांची ही दिशा तासातासाने सरकू लागली, की वादळ कोणीकडे चालले आहे याचा अंदाज बांधता येतो.

वादळांच्या वाटेचाही त्यांनी अभ्यास केला. तेथील वादळे आधी पश्चिमेकडे आणि वायव्येकडे जातात, मग अनेकदा उत्तरेकडे वळून ईशान्येकडे निघतात. हे वळण कोठे येणार, हे महिन्यानुसार बदलते. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी वादळे दक्षिणेकडेच लवकर वळतात, ऑगस्टमध्ये बरीच वर जाऊन वळतात. कोणत्या महिन्यात कोणत्या बेटाला जास्त धोका, हे यावरून सांगता येऊ लागले.

११ सप्टेंबर १८७५ रोजी फादर विन्येस यांनी हवानाच्या वर्तमानपत्रांत वादळाची पूर्वसूचना दिली. दोन दिवसांत ते वादळ क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावर आले. लोकांना आवराआवर करायला वेळ मिळाला होता आणि त्यामुळे बरेच जीव वाचले. तेच वादळ पुढे मेक्सिकोच्या आखातात शिरले आणि १६ सप्टेंबरला टेक्सासमधील इंडियानोला या भरभराटीच्या बंदरावर आदळले. ते शहर उद्ध्वस्त झाले. वादळ एकच होते, पण क्यूबाच्या किनाऱ्यावर त्याची वर्दी आधी पोहोचली होती.

पुढच्या वर्षी, १८७६ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा मोठे वादळ आले. पोर्तो रिको बेटावर ते संत फिलिपच्या नावाने ओळखले गेले. हवानासाठी फादरांनी त्याचीही सूचना दिली. मात्र एवढ्यावर ते थांबले नाहीत. वादळ ओसरल्यावर ते प्रवासाला निघाले आणि झोडपलेल्या भागांत जाऊन त्यांनी पाहणी केली, लोकांकडून माहिती घेतली. १८७७ साली या दोन वर्षांच्या वादळांवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १८८५ साली अमेरिकेत नाविकांच्या उपयोगासाठी त्यांच्या लेखनाचा इंग्रजी अनुवाद छापला गेला.

हळूहळू लोकांचा विश्वास बसला. बंदरातले कप्तान नांगर उचलण्याआधी बेलेन कॉलेजचा अंदाज विचारू लागले. व्यापारी, आगबोट कंपन्या आणि तार कंपन्या मदतीला आल्या. १८८० नंतरच्या दशकात कॅरिबियन बेटांवर निरीक्षकांचे एक जाळे उभे राहिले. एका बेटावर दाब उतरला की हवानाला तार येई. चार ठिकाणच्या तारा एकत्र ठेवल्या की समुद्रात कोठेतरी दडलेले वादळ नकाशावर सापडे. आज उपग्रह जे काम करतात, ते तेव्हा विखुरलेल्या बेटांवरची माणसे एकमेकांना वेळेवर कळवून करत होती.

१८९३ साली शिकागो येथे हवामानशास्त्रज्ञांची परिषद भरणार होती. तिच्यासाठी फादर विन्येस यांनी आपल्या साऱ्या संशोधनाचे सार लिहून काढले. ते हस्तलिखित पूर्ण झाले आणि थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८९३ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हवाना येथे त्यांचे निधन झाले. तो वादळांच्याच हंगामाचा काळ होता. त्यांचे हे शेवटचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

त्यांच्या कामाची किंमत सात वर्षांनी एका फार दुःखद रीतीने कळली. १८९८ च्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकेच्या ताब्यात आले होते. तेथे आता अमेरिकेच्या हवामान खात्याचे कार्यालय होते, आणि स्थानिक वेधशाळांचे अंदाज त्या खात्याच्या वरिष्ठांना लुडबुड वाटत होते. ऑगस्ट १९०० च्या अखेरीस क्यूबातून हवामानाच्या तारा पाठवण्यावर बंदी आली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक वादळ क्यूबावरून गेले. बेलेनचे त्या वेळचे संचालक फादर लोरेन्झो गांगोइती यांनी आकाशातील खुणा वाचून ते टेक्सासच्या दिशेने चालले आहे असे अनुमान केले. वॉशिंग्टनच्या कार्यालयाला मात्र ते फ्लोरिडाकडे वळून निघून जाईल असे वाटत होते. ८ सप्टेंबर १९०० रोजी ते वादळ टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन शहरावर आदळले. निदान सहा हजार माणसे मेली. फादर गांगोइतींचे अनुमान टेक्सासला वेळेवर कळले असते तर किती जीव वाचले असते, हे कोणी सांगू शकत नाही. पण जे डोळे आकाश वाचायला शिकले होते, त्यांच्यासाठी तारेचा मार्गच बंद होता, एवढे खरे.

हे काम करणारे फादर विन्येस एकटे नव्हते. फिलिपिन्समध्ये मनिला येथील वेधशाळेतून फादर फेदेरिको फावरा यांनी १८७९ साली वादळाची पूर्वसूचना दिली होती. आपल्या देशातही १८६७ साली कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर युजीन लाफों यांनी गच्चीवर उपकरणे मांडून येणाऱ्या चक्रीवादळाची वर्दी दिली होती. तिघेही येशूसंघीय होते.

आता कोणी विचारील, धर्मगुरूने हे कशाला करावे? त्याने प्रार्थना करावी, ढग मोजणे हे त्याचे काम आहे का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार समजावून सांगितला जाई. देव सर्व गोष्टींचे आदिकारण आहे, पण त्याने निर्माण केलेल्या वस्तूंनाही स्वतःची कारणशक्ती दिली आहे. वारा वाऱ्याच्या नियमाने वाहतो, पाणी पाण्याच्या नियमाने. त्यामुळे वादळाचे कारण हवेत आणि समुद्रात शोधणे म्हणजे देवाला बाजूला सारणे नव्हे. ज्या बुद्धीने ते शोधायचे, तीही त्यानेच दिली आहे. फादर विन्येस वेदीवरही उभे राहत आणि बॅरोमीटरसमोरही, आणि त्यात त्यांना विरोध वाटला नाही.

निरपराध माणसे वादळात का मरतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुस्तकांत सापडत नाही. तो प्रश्न आपण शवपेटीशेजारी उभे राहून प्रभूलाच विचारतो. फादर विन्येस यांनी दुसरा प्रश्न हाती घेतला. वादळ येणारच असेल, तर शेजाऱ्याला ते आधी कळावे यासाठी मी काय करू शकतो? पहाटे चारची पहिली नोंद हे त्याचे उत्तर होते. शेजारप्रीतीचे काम कधी कधी असे वहीतल्या आकड्यांच्या रूपातही असते.

आपल्यासाठी हा विषय दूरचा राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्यावरील सत्तरच्या आसपास कामगारांचे प्राण गेले. वादळाची सूचना आधीच दिली गेली होती. सूचना देणारे आपले काम करतात, पण ती ऐकून होडी किनाऱ्यावर ठेवणे, एक दिवसाची कमाई सोडणे, दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर असेल तर त्याला वेळेवर परत बोलावणे, हे आपल्या हातात असते. देव बघून घेईल असे म्हणत बावटा लागलेला असताना समुद्रात जाणे ही श्रद्धा नव्हे. देवाने बघून घ्यावे म्हणून जी माणसे रात्रंदिवस जागी राहतात, त्यांचे ऐकणे हाही श्रद्धेचाच भाग आहे.

संध्याकाळी आकाश तांबडे दिसले की उद्याचे हवामान ओळखणाऱ्या लोकांना प्रभू येशूने विचारले होते की, मग काळाची लक्षणे तुम्हाला का ओळखता येत नाहीत? आपण निदान आकाशाची लक्षणे तरी मनावर घेऊ या. या पावसाळ्यात हवामानाचा इशारा आला तर आपल्या शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला तो कळला आहे का, किनाऱ्यावरच्या घरांना कळला आहे का, हे प्रत्येकाने विचारून घ्यावे. आणि समुद्रावर असलेल्या सर्वांसाठी, तसेच वेधशाळांत जागणाऱ्यांसाठी आजच्या मिस्सामध्ये एक प्रार्थना करावी.

आपला,
धर्मगुरू