टोर्बेके आणि वरिष्ठ सभागृह

आम्स्टरडॅमच्या पश्चिमेला स्लोटरडाइक हे जुने गाव आहे. हॉलंडची पहिली आगगाडी १८३९ साली आम्स्टरडॅमहून हारलेमला गेली, ती या गावाजवळूनच. गावाच्या उत्तरेला समुद्राकडे जाणारा मोठा कालवा आहे. त्याला कुदळ लागण्याआधी कायदा लागला. तो दोन्ही सभागृहांतून पार नेणारे मंत्री म्हणजे योहान रुडॉल्फ टोर्बेके.

त्यांचा जन्म १७९८ साली झ्वोल येथे झाला. घरची परिस्थिती बेताची, तरी शिकून ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८४८ साली युरोपभर क्रांतीचे वारे वाहू लागले, तेव्हा राजा दुसरा विल्यम याने घटना सुधारण्यासाठी समिती नेमली. टोर्बेके तिचे अध्यक्ष होते. तोवर वरिष्ठ सभागृहाचे सभासद राजा तहहयात नेमीत असे. नव्या घटनेने ते प्रांतिक सभांकडून निवडले जाऊ लागले. असे सभागृह हवेच कशाला, असे टोर्बेके यांचे मत होते; पण ते राहिले. विधेयकात दुरुस्ती करण्याचा अधिकार त्याला नव्हता, आजही नाही. विधेयक जसेच्या तसे स्वीकारायचे किंवा फेटाळायचे.

या नकाराचे वजन १८६० साली दिसले. कनिष्ठ सभागृहाने मंजूर केलेले रेल्वेचे विधेयक वरिष्ठ सभागृहाने फेटाळले आणि मंत्रिमंडळ पडले. नव्या मंत्रिमंडळाने त्याच वर्षी दुसरे विधेयक आणून मंजूर करून घेतले.

१८६२ साली टोर्बेके पुन्हा सत्तेवर आले. त्यांच्याच मंत्रिमंडळाच्या काळात सुरिनाममधील गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला. १८६३ साली गुलाम मुक्त झाले, पण आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली त्यांना मळ्यांवर राबावे लागले. १८७३ पासून तेथे आपल्या पूर्वजांसारखेच हिंदी गिरमिटिये उतरले. कालव्याचा कायदाही १८६३ चाच. टोर्बेके १८७२ साली वारले. १८७६ साली खुला झालेला कालवा त्यांना पाहायला मिळाला नाही.

महाराष्ट्राची विधान परिषद विधेयक फार तर काही महिने अडवू शकते. हॉलंडचे वरिष्ठ सभागृह ते कायमचे रोखू शकते. आपल्या मॉरिशसमध्ये सभागृह एकच. कोणती पद्धत बरी, याचा वाद आम्ही येथे घालीत नाही. आम्हांला मोल वाटते ते एवढ्याचे, की जे सभागृह टोर्बेके यांना नकोसे होते, त्याच्याच पुढे ते आपली विधेयके घेऊन उभे राहिले आणि त्याची संमती मिळवूनच त्यांनी कामे केली.