ग्रंथालयांचे वकील : प्रा. आसफ अली असगर फैझी

वाचकहो, कायद्याच्या विद्यार्थ्यापुढे फैझी हे नाव घेतले की तो मुस्लिम कायद्यावरील त्यांच्या १९४९ सालच्या इंग्रजी ग्रंथाचा उल्लेख करील. तेच नाव एखाद्या जुन्या ग्रंथपालापुढे घ्या, तो ‘फैझी समिती’ म्हणेल. मला ही दुसरी ओळख फार उशिरा झाली. शिकवण्याच्या तासांबरोबर ग्रंथालयाचे कामही अंगावर पडले, तेव्हा कुठे कळले की ग्रंथपाल म्हणजे केवळ कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस नव्हे.

फैझींचा जन्म १० एप्रिल १८९९ रोजी माथेरान येथे एका सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले, बॅरिस्टर झाले आणि मुंबईच्या हायकोर्टात वकिली केली. १९३३ साली मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन स्थापन करणाऱ्यांत ते होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३८ साली शासकीय विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावरून दूर झाले, त्यानंतर ते पद फैझींकडे आले व १९४७ पर्यंत राहिले. दोघेही पुस्तकांत रमणारे, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

याच काळात, १९३९ साली, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतातील ग्रंथालयांच्या वाढीचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद फैझींना दिले. त्या वेळी ग्रंथालये नव्हती असे नाही. आपल्याच शहरात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू होते. गावोगावी वाचनालये होती. पण ती चालत होती वर्गणीवर, देणगीवर आणि कोणाच्या तरी पदरमोडीवर. तो दाता गेला की दाराला कुलूप. समितीने हा दानधर्माचा प्रश्न सरकारच्या जबाबदारीचा केला. मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालय. महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटक या तीन विभागांसाठी विभागीय ग्रंथालये. त्याखाली जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव, अशी उतरती साखळी तिने आखून दिली. या साखळीची प्रत्येक कडी सांभाळायला माणूस लागणार आणि त्याला पगार लागणार, हे ओघानेच आले.

पण वेळ वाईट होती. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले. नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४० साली अहवाल तयार झाला तेव्हा ज्यांनी तो मागवला ते सत्तेवर नव्हते, आणि जे कारभार पाहत होते त्यांचे लक्ष युद्धाकडे होते. अहवाल बासनात गेला. असे कितीतरी अहवाल बासनातच कुजतात. हा मात्र तगला. १९४६ साली खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि योजनेच्या वरच्या पायऱ्या तरी बांधल्या गेल्या. मध्यवर्ती ग्रंथालय मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आले, विभागीय ग्रंथालये पुणे, अहमदाबाद व धारवाड येथे निघाली. पुण्याचे वाचक विश्रामबागवाड्यात पुस्तके मागायला जात, ते याच साखळीमुळे. खालच्या पायऱ्यांना पुढे बरीच वर्षे लागली.

१९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला व १ मे १९६८ पासून अमलात आला. कायदा झाला, पण त्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. सारी भिस्त अनुदानावर. म्हणून अनुदानित ग्रंथालयांतील सेवकांना वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती यांसाठी मोर्चे काढावे लागले, निवेदने द्यावी लागली. लालबाग-परळच्या बाजूला संध्याकाळी वाचनालय उघडणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केलेले, पण घर चालते ते सकाळच्या शिकवण्यांवर. त्यांच्या मागणीला संप-मोर्चाचे खूळ म्हणणारेही मला भेटले आहेत. त्यांना मी फैझी समितीची गोष्ट सांगतो. ही बाजू एका नामांकित बॅरिस्टरने, सरकारच्याच समितीवर बसून, ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी मांडली होती.

स्वातंत्र्यानंतर फैझी १९४९ ते १९५१ इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते, नंतर काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. काझी नोमान यांच्या ‘दआइम अल-इस्लाम’ या जुन्या अरबी ग्रंथाचे त्यांनी केलेले संपादन कैरोत छापले गेले.

पण वाचकहो, मला त्यांची आठवण येते ती त्यांच्या हस्तलिखितांमुळे. इस्माइली पंथाच्या पोथ्या शतकानुशतके घराघरांत जपून, झाकून ठेवलेल्या असत. परक्याच्या नजरेस पडू नयेत अशीच रीत. फैझींनी आपल्याजवळचा असा मोलाचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. पुढे १९६५ साली मुइझ गोरियावाला यांनी केलेली त्याची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध झाली. प्रा. फैझी २३ ऑक्टोबर १९८१ रोजी वारले. त्याआधीच त्यांच्या पोथ्यांना ग्रंथालयाचे क्रमांक मिळाले होते.